दुसऱ्यांच्या देवाचं चित्र

अडोल्फ उलरिक वेर्टम्युलर हा स्वीडनचा चित्रकार. जन्म स्टॉकहोमचा, 1751 सालचा. पॅरिसमध्ये असताना त्याने 1787 मध्ये एक चित्र काढलं. विषय ग्रीक पुराणातला होता. आर्गोसच्या राजाला भविष्य सांगितलं जातं की तुझ्या मुलीच्या पोटी जन्मणारा मुलगा तुझा जीव घेईल. राजा आपल्या मुलीला, दानाएला, कोंडून ठेवतो. कुणी पुरुष तिच्यापर्यंत पोचू नये असा बंदोबस्त करतो. पण देवांचा राजा झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपात छतातून आत येतो. दानाएला पर्सियस नावाचा मुलगा होतो आणि पुढे त्याच्या हातून नकळत आजोबाचा जीव जातोच. वेर्टम्युलरने सोन्याच्या पावसाचा तो क्षण रंगवला. चित्रातली दानाए विवस्त्र आहे. पुढे वेर्टम्युलर अमेरिकेला गेला, चित्रही तिकडे गेलं. फिलाडेल्फियात तिकीट काढून लोक ते बघायला येत आणि अश्लील म्हणून नावंही ठेवत. आज ते स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

या चित्राबद्दल बरंच बोललं गेलं. ते नग्न आहे म्हणून बोललं गेलं, चांगलं की वाईट यावर बोललं गेलं. पण 'तू स्वीडनचा, घराण्याने ख्रिस्ती, ग्रीकांच्या देवाचं चित्र तू का काढलंस?' हा प्रश्न कुणाला महत्त्वाचा वाटला नाही. युरोपातल्या ख्रिस्ती चित्रकारांनी शेकडो वर्षं ग्रीक आणि रोमन देवदेवता रंगवल्या. त्यामुळे त्यांचा ख्रिस्ती धर्म बुडाला नाही आणि ग्रीक कथाही बाटल्या नाहीत. उलट त्या सगळ्या युरोपच्या झाल्या.

आता दानाएची कथा आपल्याकडच्या कुणालाही सांगून बघा. हिंदू माणूस लगेच म्हणेल, ही तर कंस-देवकीची गोष्ट! तीच भविष्यवाणी, तोच तुरुंग, तसाच जन्मलेला मुलगा. मुसलमान घरातल्या मुलाला फिरऔन आठवेल. इस्राईलच्या घराण्यात जन्मलेला मुलगा तुझं राज्य बुडवील, या भयाने त्याने नवजात मुलगे मारायला लावले, असं तफसीरकार सांगतात. मूसा अलैहिस्सलाम यांच्या आईने त्यांना नदीच्या हवाली केलं, हे तर खुद्द कुरआनात आहे. ग्रीक कथेतही दानाए आणि तिच्या बाळाला पेटीत घालून समुद्रात सोडतात. महाभारतात कुंती कर्णाला पेटीतून नदीत सोडते. माझ्यासाठी मूसांचा किस्सा वह्य आहे, पुराण नव्हे. हा फरक मला पुसायचा नाही. पण जुलमी राजाचं भय आणि मूल वाचवणारी आई यांच्या गोष्टी इतक्या कौमांनी सांगितल्या आहेत, हे दिसत असताना डोळे मिटून घेण्यात काय शहाणपण?

मला बोलायचं आहे ते यावरच. दुसऱ्यांची कथा जाणणं आणि ती मानणं या दोन गोष्टी आहेत. आपल्या देशात हा फरक विसरला गेला. विसरणाऱ्यांत हिंदू आहेत तसे आपणही आहोत. या विसरण्याची सर्वांत मोठी किंमत ज्या माणसाने मोजली तो आपल्या महाराष्ट्राचाच होता. त्याचं नाव मकबूल फिदा हुसेन.

वेर्टम्युलरचं उदाहरण हुसेनांना जसंच्या तसं लागू होत नाही, हे आधी मान्य करते. झ्यूसची आज कुणी पूजा करत नाही. त्याच्या नावाने कुणाच्या घरी नैवेद्य होत नाही. सरस्वतीची पूजा मात्र होते, शाळांतूनसुद्धा होते. जिवंत श्रद्धेचा विषय रंगवणं आणि मागे पडलेल्या श्रद्धेचा विषय रंगवणं सारखं नाही. हुसेनांची बाजू घेणारे पुष्कळ लोक हा फरक बघतच नाहीत, म्हणून समोरच्याला त्यांचं पटत नाही. फरक मान्य करूनही हुसेनांना जे भोगावं लागलं ते अन्यायाचंच होतं, असं मला वाटतं. का, ते सांगते.

हुसेन पंढरपुरात जन्मले, 1915 साली. सुलेमानी बोहरा घराणं. ते तान्हे असतानाच आई वारली. बालपण इंदूरला गेलं. तिथे त्यांनी रामलीला पाहिली आणि मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुलही पाहिला. त्यांच्या चित्रांतल्या प्रसिद्ध घोड्यांचं मूळ लोक त्या दुलदुलमध्ये शोधतात. मुंबईत येऊन त्यांनी सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवली. 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यात ते होते. त्या गटात गोव्याचे ख्रिस्ती घरातले सूझा होते, रझा होते, आरा, गाडे आणि बाकरे होते. फाळणीच्या वर्षात असा गट मुंबईत उभा राहिला, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

रामायणाकडे हुसेनांना वळवलं ते राममनोहर लोहियांनी. उद्योगपतींच्या दिवाणखान्यात टांगण्यासाठी किती दिवस रंगवणार, या देशाच्या लोकांची कथा रंगवा, असं लोहियांनी त्यांना सुचवल्याचं हुसेन स्वतः सांगत. हैदराबादला बद्रीविशाल पित्ती यांच्या आधाराने त्यांनी रामायणाची चित्रमालिका केली. त्यासाठी ग्रंथ वाचले, पंडितांशी बोलले. ती चित्रं बैलगाडीतून खेड्यात नेली तेव्हा गावकऱ्यांनी ती ओळखली, असंही ते सांगत. पुढे 1971 साली ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांना बोलावणं आलं. पिकासोलाही तिथे आमंत्रण होतं. तिथे हुसेनांनी कोणता विषय न्यावा? महाभारत. जगासमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा पंढरपूरच्या या मुसलमान चित्रकाराला व्यासांची कथा आपली वाटली.

सरकारने 1986 मध्ये त्यांना राज्यसभेवर नेमलं आणि 1991 मध्ये पद्मविभूषण दिलं. मग 1996 साल आलं. भोपाळच्या 'विचार मीमांसा' या हिंदी मासिकाने त्यांचं सरस्वतीचं एक जुनं रेखाचित्र छापून त्यांच्यावर टीका केली. ते रेखाचित्र सत्तरच्या दशकातलं होतं. वीस वर्षं त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. त्यानंतर खटल्यांची रांग लागली. अहमदाबादेत त्यांच्या चित्रांवर हल्ला झाला. 1998 मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला. 2006 मध्ये भारतमातेच्या चित्रावरून पुन्हा वाद पेटला. त्या वेळी हुसेनांनी माफी मागितली, चित्र लिलावातून काढून घ्यायची तयारी दाखवली. तरीही त्यांना देशाबाहेर राहावं लागलं.

मे 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले. भारताच्या मंदिरांतल्या शिल्पांपासून चालत आलेल्या परंपरेचा त्यांनी निकालात विचार केला. नव्वदीतल्या चित्रकाराची जागा आपल्या घरी, आपल्या कॅनव्हासपुढे आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हात घातला नाही. कायदा हुसेनांच्या बाजूने उभा राहिला, पण घरी परतण्याची हमी कुणी दिली नाही. 2010 मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं. 9 जून 2011 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं आणि दफनही इंग्लंडमध्येच झालं. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला इथली दोन गज जमीनही मिळाली नाही.

हुसेनांवरचा आक्षेप मी ऐकलेला आहे. पनवेलच्या लोकलमध्ये ऐकला आहे, सहकाऱ्यांकडून ऐकला आहे आणि ते सहकारी वाईट माणसं नव्हेत. ते म्हणतात, 'आमच्या देवी नग्न रंगवल्या, तुमच्यातलं कुणी रंगवलं का?' या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं.

पहिली गोष्ट अशी, की इस्लाममध्ये पैगंबरांचं चित्र काढायची रीत नाही. हिंदू धर्मात देवाला रूप देण्याची परंपरा आहे, आणि ते रूप प्रत्येक काळात, प्रत्येक कारागिराच्या हातून बदलत आलं आहे. हुसेन त्या दुसऱ्या परंपरेत शिरले. ज्या घरात चित्र काढायला मुभा आहे तिथे त्यांनी काढलं. दुसरी गोष्ट, त्यांनी रामायण-महाभारतावर, गणपतीवर, हनुमानावर आयुष्यभर शेकडो चित्रं काढली. वाद झाला तो मोजक्या चित्रांवर. शेकडो चित्रांतला माणूस बाजूला ठेवून मोजक्या चित्रांतून त्याची नियत ठरवायची, हा न्याय नव्हे.

तिसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कुणाला ती मोजकी चित्रं बघून मनापासून वाईट वाटलं असेल तर ते दुःख खोटं नाही. ते बोलून दाखवावं, लिहावं, चित्र वाईट आहे म्हणावं, प्रदर्शनाला जाऊ नये. पण आक्षेप चित्रावर घ्यायचा की चित्रकाराच्या नावावर, हे ठरवावं लागतं. तीच रेघ दुसऱ्या नावाच्या चित्रकाराने काढली असती तर इतके खटले झाले असते का? उत्तर 'नाही' असेल, तर वाद नग्नतेचा नव्हताच. तुला आमची गोष्ट माहीत असायचं कारण काय, हा खरा वाद होता. आणि तो संपलेला नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीच्या एका न्यायालयाने एका गॅलरीतली हुसेनांची दोन चित्रं जप्त करण्याचा आदेश दिला. एक गणपतीचं होतं, एक हनुमानाचं. माणूस जाऊन चौदा वर्षं होत आली होती.

आता आपल्याकडे वळू. हुसेनांबद्दल आपल्या लोकांत हळहळ आहे, पण ती बहुतेक 'बघा, मुसलमानाला कसं वागवलं' एवढीच असते. त्यांची चित्रं आपल्यापैकी किती जणांनी पाहिली? त्यांनी महाभारत रंगवलं हे आपल्याला अभिमानाचं वाटतं का? की मनातल्या मनात आपणही म्हणतो, 'कशाला गेला होता तिकडे?' 2004 मध्ये हुसेनांचा 'मीनाक्षी' हा सिनेमा आला. त्यातल्या एका गाण्यात कुरआनातले शब्द आहेत म्हणून उलेमांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि हुसेनांनी सिनेमा थिएटरांतून काढून घेतला. म्हणजे देवी रंगवली म्हणून तिकडचे रागावले आणि अल्लाहच्या नूराची उपमा गाण्यात आणली म्हणून आपले रागावले. दोन्हीकडून त्यांना एकच सांगितलं गेलं, की हे तुझं नाही. आपण हा सिनेमाचा प्रसंग सोयीने विसरतो. हुसेनांवरचा अन्याय सांगताना तोही सांगितला पाहिजे, तरच आपल्या बोलण्याला वजन येईल.

हा प्रश्न मला चित्रांपुरता वाटत नाही, कारण तो रोज वर्गात उभा असतो. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. मराठी भाषेत पावलोपावली पुराणातली माणसं भेटतात. भगीरथ प्रयत्न, रामबाण उपाय, लक्ष्मणरेषा, कुंभकर्णाची झोप, शकुनीमामा, द्रौपदीची थाळी, घरचा भेदी बिभीषण. मुलाला भगीरथ कोण हे सांगितलं नाही तर वाक्प्रचार पाठ होईल, पण भाषा येणार नाही. पेपरात पाच मार्क मिळतील आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख कळणार नाही. तरी काही पालकांना भीती वाटते. 'टीचर, यांच्या देवांच्या गोष्टी नको, फक्त अर्थ लिहून द्या,' असं कुणी कुणी म्हणतं. त्यांची भीती मला समजते. आपलं मूल आपल्या दीनपासून दूर जाऊ नये, हे कुठल्या आईबापाला वाटत नाही? पण गोष्ट ऐकल्याने ईमान जातं, असं मानणं म्हणजे आपल्याच ईमानाला कच्चं समजणं आहे.

आणि हे पालक विसरतात, की त्यांची लाडकी उर्दू तरी कशावर वाढली? उर्दू शायरीत जमशेदचा प्याला आहे, रुस्तमचं बळ आहे, शिरीन-फरहाद आहेत. हे सगळे इस्लामच्या आधीच्या इराणचे. जमशेद आणि रुस्तम यांच्या कथा फिरदौसीने 'शाहनामा'त लिहिल्या आणि 1010 च्या सुमारास पुऱ्या केल्या. फिरदौसी मुसलमान होता. ज्यांच्या कथा त्याने लिहिल्या ते राजे इस्लामच्या आधीचे, त्यांचा वारसा सांगणारे पारशी आजही आपल्या मुंबईत आहेत. एखाद्याच्या ताकदीला आपण 'रुस्तम' म्हणतो तेव्हा आपलं ईमान हलत नाही. मग भीमाचं नाव घेतल्याने का हलावं? इराणचं पुराण चालतं आणि आपल्याच गावातलं, शेजाऱ्याच्या घरातलं पुराण चालत नाही, याला धर्माचा आधार नाही. ती निव्वळ सवय आहे.

अकबराने 1582 च्या सुमारास महाभारताचा फारसी तर्जुमा करवून घेतला. त्याला 'रज्मनामा' म्हणतात. पंडित संस्कृत समजावून सांगत आणि नकीब खानसारखे विद्वान फारसीत उतरवत. दरबारच्या चित्रकारांनी, त्यात दसवंतसारखे हिंदूही होते, त्याची चित्रं काढली. रामायणाचं काम बदायुनीकडे आलं. तो कट्टर होता, त्याला हे काम मनापासून आवडलं नाही आणि त्याने ते लपवलंही नाही. तरी काम झालं. अकबराची आई हमीदा बानू बेगम हिच्याकडे रामायणाची स्वतःची सचित्र प्रत होती. ती आज दोहाच्या इस्लामी कला संग्रहालयात आहे. ज्या शहराने शेवटी हुसेनांना आसरा दिला, त्याच शहरात एका मुसलमान आईचं रामायण जपून ठेवलेलं आहे.

मराठीत तर हा रस्ता खूप जुना आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. शाह मुनींनी 'सिद्धांतबोध' लिहिला. उलट बाजूने बघा. इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात बायबलची कथा मराठी ओवीत घातली आणि तिला 'क्रिस्तपुराण' म्हटलं. ते 1616 मध्ये छापून झालं. आपल्या धर्माची गोष्ट सांगायला त्यांना इथल्या पुराणाचा साचा घ्यावासा वाटला. कुणी त्यांना 'हा साचा तुमचा नाही' असं म्हणालं असतं तर मराठी किती गरीब राहिली असती!

आपल्या पनवेलहून घाट चढून गेलं की लोणावळ्याजवळ मळवली लागतं. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे या मळवलीला आला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी देव्हाऱ्यात गेल्या. रविवर्मा केरळचे. तैलरंगांची त्यांची रीत युरोपची. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो छापखाना विकत घेऊन चालवणारा फ्रिट्झ श्लायशर जर्मन होता. ज्या तसबिरीपुढे आज उदबत्ती लागते, ती परक्या रीतीने काढली गेली आणि परक्याच्या यंत्रावर छापली गेली. भक्तांनी तिला परकी म्हटलं नाही, आणि ठीकच केलं.

मग माझं म्हणणं काय? हिंदू भावाबहिणींना मी एवढंच म्हणेन, की मुसलमानाला तुमची कथा माहीत असणं ही चोरी नाही. तो ती चुकीची सांगत असेल तर चूक दाखवा. त्याचं चित्र वाईट असेल तर वाईट म्हणा. पण त्याचं नाव बघून निकाल देऊ नका. तुमच्या कथा युरोपातल्या विद्यापीठांत शिकवल्या जातात याचा तुम्हाला अभिमान वाटतो, तर शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुलाने त्या वाचल्या याचा त्याहून जास्त वाटायला हवा.

आपल्या लोकांना सांगणं थोडं कठोर आहे. आपण मराठी आहोत असं म्हणतो, महाराष्ट्रावर हक्क सांगतो. तो हक्क भाषेतून येतो, आणि ही भाषा कुंभकर्ण आणि भगीरथ यांना वगळून येत नाही. मुलांना या गोष्टी सांगा. सांगताना अदब ठेवा, कारण त्या कुणाच्या तरी श्रद्धेच्या आहेत. 'हे आपण मानत नाही, पण आपल्या शेजाऱ्यांना हे प्रिय आहे,' इतकं एक वाक्य पुरतं. आपल्या पैगंबरांबद्दल बोलताना दुसऱ्यांनी जी अदब ठेवावी असं आपल्याला वाटतं, तीच इथे ठेवायची आहे. आणि कुणी ती ठेवली नाही तर उत्तर लेखणीने द्यायचं. अहमदाबादेत हुसेनांच्या चित्रांवर चाललेले हात आपल्याला चुकीचे वाटत असतील, तर आपले हातही आवरले पाहिजेत.

माझ्या वर्गात यंदा मूसा अलैहिस्सलाम यांचा किस्सा उर्दूच्या तासाला झाला की मराठीच्या तासाला मी कर्णाची पेटी सांगणार आहे. वेळ उरला तर दानाएचीही सांगेन. मुलं विचारतील, तिन्ही आया सारख्याच का? मग आपण बोलू. कोणती गोष्ट आपण मानतो हे त्यांना घरून माहीत आहे, तो माझ्या तासाचा विषय नाही. तीन देशांतल्या तीन आयांनी आपलं मूल पाण्यावर सोडलं, हे मात्र त्यांना माझ्या तासाला कळायला हवं.